कॉपी-पेस्ट केलेला कोड: दिसला की एकत्र आणायचाच का?

कळफलक
माझं मत स्पष्ट आहे. तोच कोड दुसऱ्या ठिकाणी दिसला की रिव्ह्यूमध्येच, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हाच अडवावा. "आत्ता डेडलाइन आहे, नंतर बघू" हे ऐकूनच घेऊ नये. ते 'नंतर' कधी उगवत नाही आणि भुर्दंड बसतो मेंटेनन्सच्या टीमला.

जवळून पाहिलेलं उदाहरण देतो. एका बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कर काढून रक्कम राउंड करायच्या चाळीसेक ओळी बिल, कोटेशन आणि क्रेडिट नोट (माल परत आल्यावर बिलातली रक्कम कमी करणारा कागद) अशा तिन्ही मॉड्यूलमध्ये चिकटवलेल्या होत्या, तेही दरासकट. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. बिलात दर बदलला, कोटेशनमध्ये तसाच राहिला. दुकानदार ३०,००० च्या एसीचं कोटेशन ३८,४०० रुपयांचं देत होता, खरी रक्कम ३५,४००. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं तर त्याचा काय दोष?

म्युनिकच्या संशोधकांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. कॉप्यांमध्ये नकळत पडलेल्या फरकांपैकी जवळपास निम्म्यांमागे खराखुरा बग निघाला.

मुक्ता_नाशिक
असहमत. तुमच्याच उदाहरणातली क्रेडिट नोट घ्या. २२ सप्टेंबरच्या आधी विकलेला एसी नंतर परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच, म्हणजे २८ टक्क्यांनीच काढावी लागते. तिन्ही कोड एका फंक्शनमध्ये कोंबून आजचा दर लावला असता, तर क्रेडिट नोटा चुकल्या असत्या आणि ती चूक थेट जीएसटी रिटर्नमध्ये गेली असती. दिसायला सारखं असलेलं सगळं एकाच कारणासाठी बदलत नाही.

मुद्दाम केलेली कॉपी शहाणपणाचीही असते. लिनक्सच्या ईएक्सटी३ या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली ठेवायची व्यवस्था) २००६ साली मोठे बदल करायचे होते. चालू मशिनवरचा लोकांचा डेटा पणाला कशाला लावायचा, म्हणून अख्खा कोड कॉपी करून ईएक्सटी४ सुरू केली. जुनी स्थिर राहिली, नवीवर निर्धास्त काम झालं. कॅप्सर आणि गॉडफ्री या संशोधकांनी त्याच वर्षी अपाची वेब सर्व्हर आणि न्युमेरिक (Gnumeric) हे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर तपासून लिहिलं, की तिथल्या कॉप्यांपैकी ७१ टक्क्यांपर्यंत कॉप्या मेंटेनन्सला उपकारकच मानता येतील.

कळफलक
मुक्ताताई, क्रेडिट नोटचा नियम वेगळा नाहीच. दर तारखेवरून ठरतो, एवढा एकच नियम तिन्हीकडे आहे. दर तारखेसह टेबलमध्ये ठेवा, फंक्शनला तारीख द्या. क्रेडिट नोट मूळ बिलाची तारीख देईल. कोड तीनदा चिकटवल्यामुळेच हा नियम कुणाला दिसला नाही.

आणि ईएक्सटी३ चा कोड २०१५ मध्ये कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून काढला, कारण ईएक्सटी४ चा ड्रायव्हर तेच काम करत होता. तोवर जवळपास नऊ वर्षं दोन्ही सांभाळावे लागले, हेही धरा की.

मुक्ता_नाशिक
धरते. नऊ वर्षांचं ते ओझं जाणूनबुजून घेतलेलं होतं आणि वेळ येताच उतरवलं. तारखेचं मान्य. पण तो नियम तुम्हाला आज दिसतोय, दर बदलल्यानंतर. पहिल्याच दिवशी एकत्र करणाऱ्याने तारीख घेतली असती याची खात्री काय?

रात्रपाळी
सपोर्टमध्ये काम करतो, म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही कोड आज कसा दिसतो यावर भांडताय. गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही उघडा. ज्या कॉप्या एकाच कमिटमध्ये (एकदम नोंदवलेल्या बदलात) पुन्हा पुन्हा बदलल्यात त्या आधी एकत्र आणा. ज्या कधीच सोबत बदलल्या नाहीत त्यांना हात लावू नका. संशोधक मिर्युंग किम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॉप्यांच्या अशा वंशावळी काढल्या होत्या. बऱ्याच कॉप्या थोड्याच काळात आपोआप वेगळ्या होऊन गेल्या, तर दीर्घकाळ टिकलेल्यांपैकी अनेक एकत्र करणं सोपं नव्हतं. सरसकट रिव्ह्यूत अडवण्यात वेळ जातो तो इथेच.

कळफलक
मग आमचं कोटेशन तुमच्या चाळणीतून सुटलं असतं! बिल बदललं, कोटेशन बदललं नाही, लॉग म्हणणार, "या सोबत बदलत नाहीत, सोडून द्या." राहून गेलेला बदल लॉगमध्ये दिसणार कसा?

रात्रपाळी
खरा मुद्दा आहे. म्हणून कमिट एक असण्याचा आग्रह सोडायचा आणि तोच बदल दुसऱ्या कॉपीत उशिरा आलाय का ते शोधायचं. तक्रार आल्यावर तुम्ही कोटेशन दुरुस्त केलंत ना? बिलातला फिक्स आणि तो फिक्स शेजारी ठेवा, ओळी त्याच असतील. अशा जोड्या ज्या मॉड्यूलमध्ये सापडतील तिथून सुरुवात करा. आमच्याकडे जुन्या तिकिटांतूनच त्या सापडतात, कारण उशिरा आलेल्या फिक्सआधी बहुतेक वेळा कुणीतरी फोन केलेला असतो.