बेटावरचं झेंडावंदन: नाशिककरांनो, आपापले अनुभव लिहा

गोदावरी त्र्यंबकला उगम पावते तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. नदी पूर्वेला वळते, पण आपल्यातले कितीतरी जण नोकरीने, सोयरिकीने नाहीतर नुसत्या भटकंतीने पश्चिमेला उतरतात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी किंवा असाच एखादा राष्ट्रीय दिवस तुम्ही कुठल्या बेटावर घालवला असेल, तर इथे लिहा. झेंडावंदन संपल्यावर काय होतं ते मुद्दाम लिहा. ध्वज, राष्ट्रगीत, भाषणं सगळीकडे सारखीच असतात, पुढचं गावागणिक वेगळं. बेटावर माणसं मोजकी, त्यामुळे देशाचा दिवस साजरा करणारी आणि गावाचा वारसा सांभाळणारी माणसं तीच ती असतात. मला तेच वाचायचंय. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

सुरुवात मी करते.

माझी मावसबहीण घारापुरीला दिलेली, मोराबंदरात. एलिफंटा म्हणतो तेच हे बेट, उरण तालुक्यातलं. पर्यटक लेणी बघून संध्याकाळच्या लाँचने गेटवेला परततात. मागे राहतात ती शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं. २६ जानेवारी २०१८ ला मी तिथे होते. लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत, पण गावांत वीज नव्हती! संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तेवढाच उजेड. शाळेतला लाउडस्पीकर बॅटरीवर लावला होता, आणि ती बॅटरी आदल्या दिवशी चार्ज करून होडीतून आणलेली. लाल-काळ्या वायरींचे चिमटे सुटू नयेत म्हणून एक मोठा मुलगा शेजारी उकिडवा बसलेला. राष्ट्रगीताला तो ताठ उभा राहिला, नजर मात्र चिमट्यांवर.

एका मुलीने दगडी हत्तीवर भाषण केलं. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं, तो आज मुंबईत राणीच्या बागेजवळ उभा आहे. ती दरवेळी ‘आमचा हत्ती’ म्हणत होती. मुंबईचा नव्हे, आमचा. मला ते फार भावलं.

खाऊवाटप झालं आणि लगेच पायऱ्यांवरची दुकानं उघडली. सुट्टीचा दिवस म्हणजे गिऱ्हाइकांचा दिवस. ताईच्या सासूबाई ध्वजाला नमस्कार करून त्याच नऊवारीत काकड्या सोलायला बसल्या. पुढच्याच महिन्यात समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली. स्वातंत्र्याला ७० वर्षं उलटून गेल्यावर. त्यानंतरच्या १५ ऑगस्टला ताईने फोन करून मला शाळेतली देशभक्तीपर गाणी ऐकवली, मिनिटभर स्वतः काहीच बोलली नाही.

सातपूरकर

माझं बेट लांबचं आहे, चालेल ना? मॉरिशस. यंत्रांच्या कामासाठी कंपनीने पाठवलं होतं आणि २०१८ च्या मार्चमध्ये मी तिथे होतो. १२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झालं, म्हणजे ते पन्नासावं वर्ष. पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर मुख्य सोहळा होता, आपले राष्ट्रपती रामनाथ कोविंद प्रमुख पाहुणे. १२ मार्च हा दिवस का, तर गांधीजींची दांडीयात्रा १९३० मध्ये त्याच तारखेला निघाली होती. हे मला तिथल्या टॅक्सीवाल्याने सांगितलं. आपल्याकडे शाळेत पाठ केलेली तारीख दुसऱ्या देशाने आपला स्वातंत्र्यदिन म्हणून निवडली, हे ऐकून मी गप्पच झालो.

जायच्या आधी मला तिथल्या मराठी माणसांबद्दल फारसं माहीत नव्हतं. त्यांचे पूर्वज बहुतेक कोकणातले, रत्नागिरी-सिंधुदुर्ग भागातले, उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेले. आज घरात क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच. पण गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि गणपतीपुढे झाकरी, म्हणजे आपली कोकणातली जाखडी, नाचतात. सहकाऱ्याच्या घरी १२ मार्चला दुपारी जेवायला बोलावलं होतं. दारावर लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा झेंडा, आत देवघर. त्याच्या आजीने मला ‘तुमी मुंबैचे?’ विचारलं. मी नाशिक म्हटलं. तिला नाव माहीत होतं, रामाच्या पंचवटीमुळे. मग तिने आरत्यांची वही आणली. कडा तेलकट झालेल्या, मधली पानं दोऱ्याने पुन्हा शिवलेली, अक्षर तिच्या वडिलांचं. तिला देवनागरी हळूहळू लावता येत होती, नातवाला अजिबात नाही. मी पहिलं पान वाचलं तर आजी पुढचं न बघता म्हणत गेली, उच्चार थेट राजापूरकडचे.

दुसऱ्या दिवशी आप्रवासी घाट पाहिला. मजूर जहाजातून उतरून ज्या १६ पायऱ्या चढून वर आले, त्या जपून ठेवल्या आहेत. २००६ पासून तो जागतिक वारसा. नाशिकला घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याकडे जायची आपली सवय. इथे पाण्याकडून वर चढत आलेली माणसं. तिथे मी बराच वेळ उभा होतो.

मखमलाबादची सून

आमचं माहेर वसई तालुक्यातलं. अर्नाळ्याचं बेट लहानपणापासून समोर दिसायचं, पण १५ ऑगस्ट २०१९ ला मुद्दाम गेले, कारण त्या दिवशी नारळी पौर्णिमाही होती. होडीतून गुडघाभर पाण्यात उतरलो, साडी वर खोचून. कागदोपत्री मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, पण जुनी माणसं दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. सकाळी शाळेत झेंडावंदन, दुपारनंतर सोन्याच्या कागदात गुंडाळलेल्या नारळाची मिरवणूक. सकाळी पांढऱ्या गणवेशात कवायत करणारी पोरंच मिरवणुकीत पुढे नाचत होती. होड्यांना पताका आणि वर तिरंगा. मध्ये किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. दरवाज्यावर हत्ती कोरलेत आणि मराठी शिलालेख आहे. तिथल्या एका काकांनी तो शिलालेख बोट ठेवून पोरांना वाचून दाखवला. दर १५ ऑगस्टला दाखवतात म्हणे.

त्रिरश्मी

बेटावर गेलेलो नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. १५ ऑगस्टला आम्ही मित्र पांडवलेणी चढतो. दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई, इसवी सनाचं दुसरं शतक. दानधर्माच्या यादीत त्याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर नावेने मोफत पार नेण्याची सोय केल्याचं कोरून ठेवलंय. शूर्पारक म्हणजे सोपाऱ्याचाही उल्लेख आहे, अर्नाळ्यापासून फार लांब नाही ते. घाटावरच्या डोंगरात बसून कुणीतरी समुद्राकडच्या होड्यांची चिंता केली होती. वर येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना आम्ही तो लेख दाखवतो. बहुतेक जण फोटोसाठी वर आलेले असतात, पण एकदा सांगितलं की थांबतात, हे मी पाहिलंय.

देवळाली कॅम्प

मी सैन्यातून निवृत्त. दीवला १९ डिसेंबरला गेलो होतो. १९६१ मध्ये त्याच दिवशी गोवा, दमण आणि दीव पोर्तुगीजांकडून मुक्त झाले. सकाळी ध्वजारोहण, शाळांचे कार्यक्रम, मग लोक किल्ल्यावर आणि खुकरी स्मारकावर जातात. आपल्या नौदलाची युद्धनौका आयएनएस खुकरी ९ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, दीवसमोरच्या समुद्रात बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायला तयार झाले नाहीत. दोन तारखांत अंतर दहा दिवसांचं, त्यामुळे दीवचा डिसेंबर आनंदाचाही आणि दुखवट्याचाही. स्मारकाशेजारी एक मासेविक्रेती बाई टोपली खाली ठेवून, चप्पल काढून पाया पडली आणि पुढे गेली. आम्ही फौजी सॅल्यूट करतो. तिचा नमस्कार त्याहून कमी नव्हता.

अशोकस्तंभ

सगळं वाचून काढलं. आम्हाला मुलांना घेऊन सिंधुदुर्गला जायचंय. १५ ऑगस्टला मिळेल का होडी?

मालवणचा जावई, मुक्काम इंदिरानगर

दादा, १५ ऑगस्टला नको. पावसाळ्यात मालवणहून किल्ल्याची होडी बंद असते. २६ जानेवारी धरा, समुद्र शांत असतो. किल्ला १६६४ ते १६६७ मध्ये बांधला आणि आत आजही घरं आहेत, नुसते अवशेष नाहीत. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आधी बघा, मग तट. आतल्या घरांतून जेवण सांगता येतं, सोलकढी नक्की घ्या. आणि मुलांना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी दाखवा. चारी बाजूंनी खारं पाणी असताना माणसं इथे कशी टिकली, ते त्यांना तिथे वाकून बघितल्यावरच कळेल. गर्दी असते, पहिल्या होडीने जा.