कळतंय सगळ्यांना, मग वळत का नाही? (हवामान बदल आणि आपली चौकट)

शरयू:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. हवामान बदलावर काहीही वाचायला घेतलं की गाडी शेवटी तिथेच येते, दिवे बंद करा, गाडी कमी वापरा, कापडी पिशवी न्या. मी हे सगळं करते, मनापासून करते, पण एवढ्याने काय होणार हे काही पटत नाही. हवा तापवणारे वायू कमी करायचा क्योटो करार १९९७ चा, पॅरिस २०१५ चा, तरी जगाचं या वायूंचं उत्सर्जन वाढतच गेलं. मग माणसं स्वार्थी आहेत, की आपण ज्या आर्थिक-सामाजिक चौकटीत जगतो ती चौकटच हात बांधून ठेवते? उदाहरणं देऊन सांगा प्लीज, नुसतं भांडवलशाही वाईट एवढं नको.

निळाडोंगर:
हात बांधलेलेच असतात. भाड्याचं घर घ्या. चांगल्या खिडक्या बसवायच्या, भिंतींना उष्णता अडवणारा थर लावायचा तर खर्च मालकाचा आणि वीज-इंधनाचं बिल वाचणार भाडेकरूचं. मालक म्हणतो यात मला काय मिळणार, भाडेकरू म्हणतो दोन वर्षांनी मी जाणार, मी कशाला पैसे घालू. दोघांनाही हवामान बदल मान्य आहे, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि खिडकी आहे तशीच राहते.

देशांचंही तेच. कोळशाच्या प्लांटला दर वर्षी इंधन विकत घ्यावं लागतं, पण सौर किंवा पवनऊर्जेत जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो, म्हणजे कर्ज आलंच, आणि कर्ज श्रीमंत देशाला स्वस्त मिळतं, गरीब देशाला महाग. त्यामुळे पॅनल तेच, ऊन उलट जास्तच, तरी गरीब देशात त्याच विजेचा खर्च वाढतो. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करायचा शब्द दिला होता. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशोबाने तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचाच. हा सामान्य माणसाचा स्वार्थ कसा म्हणायचा?

मेघमाला:
+१. फ्रान्सचं २०१८ चं बघा ना. इंधनावरचा कार्बन कर, म्हणजे जितका धूर तितका कर, वाढवायचा, कागदावर धोरण बरोबरच होतं. पण शहरात घर परवडत नाही म्हणून लांब राहायला गेलेल्या माणसाला गाडीशिवाय कामावर जाताच येत नाही, आणि त्याच २०१८ सालात श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. लोक पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. यावरून लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना ओझं कुणाच्या डोक्यावर पडतंय ते दिसत होतं.

स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून घरं गरम करायच्या इंधनावर असाच कार्बन कर (लेव्ही) आहे, त्यातला साधारण दोन तृतीयांश पैसा लोकांना आणि कंपन्यांना परत जातो, माणशी सारखी रक्कम आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होते. अर्थात तिथेही २०२१ च्या सार्वमतात नवा कडक कायदा थोडक्यात पडला, तेव्हा पैसे परत दिले की झालं असंही नाही.

धूमकेतू:
थोडा असहमत. चौकट चौकट म्हणत बसलं की कुणीच काही करायला नको. ओझोनचा थर विरळ करणारी रसायनं बंद करायची होती तेव्हाही हीच बाजारव्यवस्था होती, याच कंपन्या होत्या, तरी १९८७ ला माँट्रियल करार झाला आणि तो पाळला गेला.

निळाडोंगर:
धूमकेतू, मुद्दा बरोबर, पण तिथे ती रसायनं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि पर्याय त्यांच्याच हातात होता. शिवाय विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत दिली आणि १९९० ला त्यांच्यासाठी वेगळा निधी काढला. म्हणजे खर्च कुणाचा हे आधी ठरवलं, म्हणून तर जमलं!

कावेरी:
सगळे पैशावरच बोलताय, माणसांच्या नात्यांचं पण बघा. शिकागोत जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत ७०० पेक्षा जास्त लोक गेले, त्यात एकटे राहणारे म्हातारे खूप. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या शेजारशेजारच्या वस्त्या, दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे वृद्ध, पण नॉर्थमध्ये मृत्यूचं प्रमाण कितीतरी पट जास्त. तिथले रस्ते ओस पडलेले, दुकानं बंद झालेली, म्हाताऱ्या माणसाला बाहेर पडायची भीती वाटायची. पलीकडे रस्त्यावर वर्दळ होती, सावलीला जायला दुकानं होती. हवा तीच, ऊन तेच.

बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात किमान ३ लाख माणसं गेली, २००७ च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. देश काही श्रीमंत झाला नव्हता, पण निवारे बांधले होते आणि १९७२ पासून गावोगावचे स्वयंसेवक घरोघरी इशारा पोचवत होते.

शरयू:
सगळ्यांचे आभार, कावेरीताई तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण निळाडोंगर, तुमच्या त्या खिडकीचं कुणी काही केलंय का कुठे?

निळाडोंगर:
जर्मनीत केलंय. तिथे १ जानेवारी २०२३ पासून घर गरम करण्यावरच्या कार्बन शुल्कात मालकालाही वाटा द्यावा लागतो, आणि इमारत गरम करण्यात जितका जास्त कार्बन निघतो तितका त्याचा वाटा जास्त, अगदी वाईट इमारतीला ९५ टक्क्यांपर्यंत. आता खिडकी बदलली नाही तर पैसे मालकाच्या खिशातून जातात.