औंध-बाणेर-बालेवाडी: कुठलं हॉटेल बंद झालं आणि आता तुम्ही जेवायला कुठे जाता?

पुण्यात औंधच्या डीपी रोडवर नुसती एक चक्कर मारा. एका शटरवर 'गाळा भाड्याने देणे आहे', दुसऱ्यावर 'आम्ही स्थलांतरित झालो आहोत' आणि खाली पत्ता सूस रोडचा नाहीतर थेट वाकडचा, तिसऱ्या जागी दातांचा दवाखाना. आणि त्याच वेळी बालेवाडी हाय स्ट्रीटला शनिवारी रात्री गाडी लावायला जागा नाही. म्हणजे हॉटेलं कमी झालीत असं अजिबात नाही. पण आईबाबांना घेऊन रविवारी सकाळी निवांत बसता येईल, बिल बघून घाम फुटणार नाही आणि शेजारच्या टेबलावरच्याशी ओरडून बोलावं लागणार नाही अशी जागा कुठली, असं विचारलं की घरात अर्धा तास चर्चा होते आणि शेवटी पोहे टाकले जातात.

तर लिहा. तुमच्या भागातलं काय बंद झालं, का झालं हे खरंच माहीत असेल तर ते, आणि आता कुठे जाता. 'पूर्वीची चव राहिली नाही' एवढंच नको, ते आपण रोज बोलतोच. हॉटेलवाले, गाळेवाले कोणी असाल तर तुमची बाजू जरूर येऊ द्या. ज्यांच्याशी वाजलंय त्यांची नावं मात्र नकोत.

*

आम्ही सानेवाडीत राहायला आलो तेव्हा बाणेर-बालेवाडी महापालिकेत नव्हतंच, ते १९९७ ला आलं. ब्रेड हवा तर स्पायसर कॉलेजचा, आणि बाहेर खायचं म्हणजे कोपऱ्यावरचं उडुपी, दुसरा पर्याय नव्हता आणि तो हवाही नव्हता. सनमायकाची टेबलं, अण्णा गल्ल्यावर बसूनच बोटांनी आत खूण करायचे किती जण आलेत ते, आणि सांबाराची वाटी रिकामी दिसली की पोरगा बादली घेऊन हजर. आमच्या मुलाचा पहिला डोसा तिथला, नातवाचा व्हायचा राहिला.

बंद का झालं तर इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. अण्णा भाडेकरू, गाळा दुसऱ्याचा. नवीन इमारत झाल्यावर त्यांनी परत यायचा प्रयत्न केला, पण गाळ्याचं भाडं तिप्पट आणि वर सोसायटीची अट की स्वयंपाकाची चिमणी वर गच्चीपर्यंत न्यायची नाही, वास चालणार नाही. आता चिमणी नाही तर हॉटेल कसं चालवायचं? त्या सोसायटीत आमचेच जुने मित्र आहेत, तेच आता म्हणतात जवळ इडली खायला काही राहिलं नाही!! मी त्यांना तोंडावर म्हणालो, अहो तुम्हीच तर नाही म्हणालात. हसतात.

*

मी हॉटेलवाला. या पट्ट्यात बसायचं हॉटेल चालवलं, बंद केलं, आता सूस रोडला फक्त पार्सलचं किचन आहे. वरच्या काकांनी चिमणीचं लिहिलं ते शंभर टक्के खरं, पण बाकीचं पण सांगतो कारण लोकांना वाटतं गर्दी म्हणजे पैसा.

आमच्याकडे रविवारी वेटिंग असायचं. बंद केलं त्या महिन्यातही होतं. पण सोमवार ते गुरुवार काय, भाडं तर सातही दिवसांचं. तुम्ही बिलात ५ टक्के जीएसटी भरता तो मी सरकारकडे भरतो, ठीक आहे, पण नोव्हेंबर २०१७ पासून या ५ टक्क्यांत आम्हाला इनपुट क्रेडिट (आम्ही भरलेल्या टॅक्सची वजावट) मिळत नाही. म्हणजे गाळामालक भाड्यावर १८ टक्के लावणार, ॲपच्या कमिशनवर १८ टक्के, एसी घ्या फ्रीज घ्या फर्निचर घ्या त्यावरचा टॅक्स, हे सगळं कुठेही वळतं होत नाही, माझ्याच अंगावर. दीड लाख भाडं असेल तर महिन्याला २७ हजार नुसते टॅक्सचे, आणि अजून तुम्ही एक डोसा पण विकलेला नाही. मग कमिशन, वर ॲपवर दिसायचं असेल तर जाहिरातीचे पैसे, वर तुम्हाला जे '५० टक्के ऑफ' दिसतं ना त्यातला मोठा वाटा आमच्याच खिशातला असतो. १९ किलोचा सिलिंडर कधी किती होईल ते महिन्याच्या एक तारखेला कळतं, मेनूकार्ड मात्र दर महिन्याला छापता येत नाही.

पण यातल्या कशानेही मी बंद केलं नाही, हे सगळं धरूनच धंदा करायचा असतो. मी बंद केलं कारण लिव्ह अँड लायसन्सचा पाच वर्षांचा करार संपला. त्या पाच वर्षांत करोना आला, ५ ऑक्टोबर २०२० ला निम्मी टेबलं लावायची परवानगी मिळाली, एप्रिल २०२१ ला परत फक्त पार्सल. इंटिरियरचे पैसे वसूल होत आले तेवढ्यात मालकाने नवीन रेट सांगितला. तो रेट माझा गल्ला बघून नाही ठरत हो, शेजारच्या गाळ्यात बँक किती देते, चष्म्याची शोरूम किती देते त्यावर ठरतो. बँकेला ना चिमणी लागते ना सांडपाण्यातलं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप, उंदरांची कटकट नाही, भाडं एक तारखेला खात्यात. मालकाच्या जागी मी असतो तर मीही बँकेलाच दिलं असतं. बाहेरून लोक म्हणतात कुकला कोणी पळवलं, पार्टनरशी भांडण झालं. कुक गेलाच होता, दुसऱ्याने तीन हजार जास्त दिले, त्याला मी दोष देत नाही, बाणेरात त्याला खोली परवडत नव्हती आणि रात्री भांडी आवरून म्हाळुंग्याला जायचं म्हणजे साडेबारा.

*

आमच्यासारख्या गावातल्या लोकांचं पण ऐका की जरा. मी बाणेर गावातलाच. हायवेच्या बाजूला आमच्या चुलत्यांचा प्लॉट होता, तिथं गार्डन हॉटेल होतं, तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तिथं वाढदिवस केले असतील. लोक म्हणतात एवढं छान चाललेलं बंद कसं काय केलं. अहो ते बंद होणारच होतं, पहिल्या दिवसापासनं. प्लॉट मोकळा पडून राहण्यापेक्षा भाड्यानं दिलेला, बिल्डरशी बोलणी चालूच होती. हॉटेलवाल्याला पण ते पक्कं माहीत, म्हणून तर त्यानं बांबू, पत्रा, ताडपत्री आणि दिव्यांच्या माळा याच्यापुढं काय बांधलंच नाही. मधी महापालिकेचं अतिक्रमणवालं पथक येऊन पत्रा पाडून जायचं, चार दिवसांत परत पत्रा. बिल्डरशी सही झाली, त्याला तीन महिन्यांची मुदत दिली, जाताना त्यानं बांबूसुद्धा सोडवून नेले. आता तिथं बावीस मजली टॉवर आहे. खाली शोरूमचे गाळे आहेत, त्यातले दोन आमचे, आणि हो, एकात बँकच आहे 😄

*

बाणेर रोडचं कोणीच कसं लिहिलं नाही? २०२० ला विद्यापीठ चौकातला पूल पाडला, मग हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे पत्रे लागले. माझ्या मावसभावाचं स्नॅक्स सेंटर होतं रोडला लागून. दारासमोर माणसापेक्षा उंच पत्र्याची भिंत, एकच लेन, कोणी दोन मिनिटं गाडी थांबवून पार्सल घ्यायला बघितलं की मागून हॉर्न. पायी येणारे राहिले, गाडीवाले गेले, आणि त्याचं सगळं गणित ऑफिसातून घरी जाताना वडापाव-भजी बांधून नेणाऱ्या गाडीवाल्यांवर. भाडं कमी करा म्हणून मालकाच्या पाया पडला तर मालक म्हणतो मेट्रो झाली की तुझीच चांदी आहे. चांदी होईपर्यंत जगायचं कसं ते नाही सांगितलं. स्टेशन त्याच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि दुकान आता मोबाईल कव्हरवाल्याचं आहे.

*

मला जरा वेगळं म्हणायचंय, रागावू नका. सगळे जुन्या हॉटेलांच्या आठवणी काढताय पण मी बावीस वर्षांची असताना या भागात एकट्या मुलीने जेवायला जाणं म्हणजे 'फॅमिली सेक्शन'ला बसवायचे, पंख्याखाली, बाथरूमच्या शेजारी. मेनू सगळीकडे तोच, लाल ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही. आज ऑफिस सुटल्यावर मी एकटी हाय स्ट्रीटला जाऊन रामेन खाते, पुस्तक वाचत बसते, कोणी वळून बघत नाही. महाग आहे, मान्य. पण बंद पडलेलं प्रत्येक हॉटेल चांगलं होतं असं नाही ना. काहींची किचन मी बघितलीत, बरं झालं.

तरी एक सांगते, हाय स्ट्रीटवर पण किती टिकतात ते बघा. पाटी बदलते, सोफे तेच. एकाच गाळ्यात आधी पिझ्झा, मग आशियाई, आता काहीतरी ब्रुअरी. तो काचेचा झुंबर तिघांनीही ठेवलाय.

*

परमिट रूमवाल्यांचं दुःख कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. बारमध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ ला ५ चा १० टक्के केला. २०२५ ला लायसन फी १५ टक्क्यांनी वाढवली आणि एक्साइज ड्युटी पण वाढवली, १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवले होते ते आठवत असेल. त्याने काय झालं, सगळं आहे तसंच. गिऱ्हाईक दुकानातून बाटली घेतं, मित्राच्या टेरेसवर बसतं आणि आमच्याकडून फक्त चिकन चिली मागवतं, तेही ॲपवरून कूपन लावून. लोकांना वाटतं बारवाला गब्बर असतो. साधी परमिट रूम, जिथे पाचशेत दोन माणसं बसून उठायची, ती या भागात आता दाखवा मला. एक तर लाउंज आहे नाहीतर वाइन शॉपच्या बाजूची अंधारी गल्ली.

*

वय ७१, गुडघे गेलेले, कानाला मशीन. मला जेवण कुठलंही चालतं, पण पायऱ्या नकोत आणि गाणी नकोत. नवीन ठिकाणी निम्म्या वेळा हॉटेल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट मागच्या बाजूला पार्किंगमधून. मेनू मागितला की पोरगा टेबलावरच्या चौकोनाकडे बोट दाखवतो, मोबाईल काढा म्हणतो. कानाच्या मशीनमध्ये तो ढब ढब आवाज आणि सुनेचं बोलणं एकाच पट्टीत येतं, मग मी नुसता मान हलवतो आणि काहीतरी भलतंच ऑर्डर होतं. पूर्वीच्या हॉटेलात मालक स्वतः खुर्ची ओढून द्यायचा. आता बिलात सर्व्हिस चार्ज येतो. तो आपोआप लावता येत नाही हे मी वाचलेलं आहे, मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानेही तसंच सांगितलं, म्हणून मी दर वेळी काढायला लावतो आणि मुलगा दर वेळी म्हणतो बाबा जाऊ द्या ना. का जाऊ द्या?

सध्या आम्ही म्हातारे चौघं महिन्यातून एकदा रिक्षाने फर्ग्युसन रोडला वैशाली नाहीतर रुपालीला जातो. सकाळी सातच्या सुमारास, त्यानंतर उभं राहावं लागतं. औंधात राहून इडली खायला एवढ्या लांब जायचं म्हणजे कमालच आहे.

*

@काका, औंधात पायऱ्या नसलेली एकदोन ठिकाणं आहेत, दुपारी साडेबाराच्या आत गेलात तर गाणी पण नसतात, स्टाफ जेवत असतो तेव्हा लावायला कोणाला वेळ नसतो.

मी हिंजवडीत नोकरीला, बालेवाडीत तिघे फ्लॅटमध्ये. आमची मेस बंद झाली, मावशी गावी गेल्या. मग ॲपवर तीन वेगवेगळ्या नावांची 'घरगुती थाळी' मागवून बघितली, तिन्हीची भाजी एकच निघाली, चिरलेली कोथिंबीर पण त्याच मापाची. एकदा रायडरला विचारलं तर म्हणाला सर तीन नावं आहेत, शटर एकच आहे. आता खालच्या पोळी-भाजी केंद्रातून आणतो. पोळ्या मोजून, भाजी पाव किलो, वरण विचारून. संध्याकाळी साडेसातनंतर मेथी संपते आणि मग वांगं किंवा वांगं. माझ्या मते या भागातलं खरं हॉटेल आता हेच आहे, फक्त बसायला जागा नाही. रांगेत थ्रीबीएचके-वाले, आमच्यासारखे, ड्रायव्हर, सगळे डबे घेऊन उभे असतात.

*

पोळी-भाजी केंद्राला दुजोरा. आमच्या पाषाणच्या बाजूला पण आहे, आणि तिथल्या ताईंनी गेल्या उन्हाळ्यात बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या, लोक बसून गरम आमटी-भात खायला लागले, मस्त चाललं होतं. फुटपाथवर येतात म्हणून तक्रार झाली, खुर्च्या गेल्या. तक्रार कोणी केली ते सगळ्यांना माहितीये.

बसून खायचं असेल तर माझी यादी अशी: सकाळचा नाश्ता शनिवारी, रविवारी नाही, रविवारी कुठेच जाऊ नका. पाहुणे असतील तर दुपारची थाळी, रात्रीपेक्षा निवांत मिळते. मोठी पार्टी असेल तरच हाय स्ट्रीट, आणि गाडी घरी ठेवून रिक्षा. मिसळ खायची असेल तर सूस गावाच्या बाजूला जा, तिथे अजून मोकळ्या प्लॉटवरची शेडवाली हॉटेलं आहेत, झाडाखाली टेबलं, पोरांना पळायला जागा. बाणेरच्या दादांनी लिहिलंय ते वाचून एवढंच कळलं की लवकर जाऊन यायला हवं, टॉवर यायच्या आत.

*

सूसची ती मिसळवाली बहुतेक मंगळवारी बंद असतात. आणि दुपारी एकनंतर तर्री पातळ करतात, आधी जा.