शब्दचर्चा : 'चेंबर जॅझ'ला मराठीत काय म्हणावं?

खर्ज : लेनॉक्सवर लेख लिहितेय. मॅसॅच्युसेट्समधलं डोंगराळ भागातलं छोटं गाव, शेजारी टँगलवूड, म्हणजे बॉस्टन सिम्फनीचा उन्हाळी मुक्काम. इथल्या 'म्युझिक इन' या अतिथिगृहात मॉडर्न जॅझ क्वार्टेट या चमूचे चौघे वादक येऊन राहायचे. १९५७ ते १९६० दर ऑगस्टला तीन आठवडे जॅझची शाळाही भरायची, प्रमुख या चौघांतलाच पियानोवादक जॉन लुइस. अडलेय तीन शब्दांवर : चेंबर जॅझ, थर्ड स्ट्रीम आणि हे बाहेरून आलेले वादक. 'पाहुणे कलाकार' लिहिलं की सिनेमाची श्रेयनामावली वाटते.

पेटीवाला : 'चेंबर' तसंच ठेवू नका. आमच्याकडे चेंबर तुंबतं, नाहीतर साहेब चेंबरमध्ये असतात. कक्षसंगीत म्हणा.

तळटीप : 'कक्ष' वाचलं की अतिदक्षता कक्ष आठवतो हो. मूळ कल्पना साधी आहे : चर्च आणि थिएटर सोडून दरबाराच्या किंवा घराच्या दालनात वाजवायचं संगीत. मोजके वादक, एकेका भागाला एकच माणूस, समोर काठी घेऊन उभा संचालक नाही. आपल्याकडे त्यासाठी 'बैठक' आहे की! फडाची लावणी आणि बैठकीची लावणी यांतला फरक कुणाला समजवावा लागत नाही. आवाज खाली येतो, ऐकणारा जवळ येतो, बारकावे दिसू लागतात. या चौघांनी जॅझचं तेच केलं. तेव्हा 'बैठकीचा जॅझ'.

पेटीवाला : शब्द गोड आहे, पण बैठकीत एक गवई आणि बाकीचे साथीला. इथे निव्वळ साथ कुणाचीच नाही. मिल्ट जॅक्सन व्हायब्राफोनवर रंगात आला की लुइस पियानोवर नुसते कॉर्ड देत बसत नाही, खालून दुसरीच चाल विणत राहतो. मी पेटीवर असं केलं तर गवई तिथेच डोळे वटारेल. जॅक्सनच्या सुराबद्दलही लिहा. त्या वाद्यात पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या असतात, त्यामुळे सूर थरथरतो. जॅक्सन ती मोटर मुद्दाम हळू ठेवायचा. मग ती थरथर राहत नाही, दरबारीतल्या गंधारासारखं आंदोलन होतं.

खर्ज : हे घेतेच. 'बैठकीचा जॅझ' ठेवते, पहिल्या उल्लेखात 'चौघांची बरोबरीची बैठक' असा खुलासा करून. थर्ड स्ट्रीमला मी 'संगम' लिहिलंय.

कऱ्हाडकर : संगम नको. आमच्या गावात कृष्णा-कोयना समोरासमोर भेटतात, पण पुढे वाहते ती कृष्णा. कोयनेचं नाव तिथेच संपतं. संगीतकार गुंथर शुलरने १९५७ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठातल्या व्याख्यानात हा शब्द काढला तो नेमका उलट हेतूने : अभिजात संगीत आणि जॅझ आपापल्या पात्रात वाहू देत, हा त्यांच्या मधला तिसरा. सोवळं पाळणारे दोन्हीकडे होते, त्यांची समजूत काढायची होती. सरळ 'तिसरा प्रवाह' लिहा.

नवखा : जुगलबंदी का नाही?

तळटीप : जुगलबंदीत दोघे मिळून सहसा एकच राग मांडतात. इथे रचनेतच दोन घराणी आहेत. 'जोडराग' जवळ जातो, पण तो कळायला आधी बसंत-बहार ऐकलेला हवा. आणि 'तिसरा प्रवाह' दिसेल त्या मिश्रणाला लावू नका. काय म्हणजे थर्ड स्ट्रीम नव्हे, याची यादी शुलरनेच १९८१ मध्ये दिली आहे. त्यात व्हायोलिनांचा ताफा जोडलेला जॅझ बाद, फ्यूगच्या (एकच चाल वाद्यं एकामागून एक उचलतात ती पाश्चात्त्य रचना) आकारातला जॅझही बाद. लुइसला तर फ्यूगचा भारी सोस! त्याच्या 'व्हाँदोम', 'काँकॉर्द' या रचना ऐका. यादी काटेकोर लावली तर तुमच्या क्वार्टेटचंच बरंच काम बाहेर पडेल. मी ती इतकी काटेकोर लावणार नाही.

पेटीवाला : राहिले पाहुणे. 'मुक्कामी वादक' म्हणा. नाटक कंपन्यांचे मुक्काम पडायचे तसे हे आठवडेच्या आठवडे राहत होते. एका रात्रीपुरते येणारे 'बाहेरगावचे वादक'.

खर्ज : पटलं. शेवटचं : 'म्युझिक इन'मधली कार्यक्रमांची जागा, 'म्युझिक बार्न', तिला काय म्हणू, संगीत-कोठार?

कऱ्हाडकर : बार्नच ठेवा. कोठार म्हटलं की वाचक आधी पोती मोजेल.