महागडा लॅपटॉप, उबुंटू २४.०४: झाकण लावूनही बॅटरी उतरते, कॅमेरा दिसत नाही, स्पीकरचा आवाज पातळ

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. वरच्या किमतीतल्या एका ब्रँडचा १४ इंची लॅपटॉप आहे. प्रोसेसर इंटेल आय७-१३६०पी, १६ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, बॅटरी ५७ वॅट-अवर. विंडोज ११ तसंच ठेवून शेजारी उबुंटू २४.०४ (लिनक्स) टाकलंय, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.८. अडचणी अशा:

झाकण लावून मशीन बॅगेत ठेवलं की गरम होतं. पंचवटी एक्सप्रेसला नाशिकरोडला झाकण लावताना ९० टक्के होती, साडेतीन तासांनी मुंबईत उघडलं तर ६४.
कॅमेरा कुठल्याच ॲपला सापडत नाही. एलएसयूएसबीच्या (यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या आज्ञेच्या) यादीतही नाही.
स्पीकर वाजतात, पण डबा वाजल्यासारखे. विंडोजमध्ये तेच स्पीकर भरदार.
बोटाच्या ठशाचा सेन्सर बंद.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर एकच: विंडोजवर चालतंय ना, मग हार्डवेअर ठीक आहे. माझा प्रश्न असा, की यातलं सेटिंगने सुटणारं काय आणि कशाची आशा सोडायची? भाऊ हेच मॉडेल एम. जी. रोडवरून घ्यायच्या विचारात आहे, त्यालाही नीट सांगायचंय.

पंचवटीकर:
ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूट-मेनूत) कर्नलच्या ओळीत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप टाका, अपडेट-ग्रब चालवा, रीस्टार्ट करा. झोपेचा प्रश्न मिटेल.

टर्मिनलवाला:
पंचवटीकर, तो उपाय जुन्या मशिनांवर चालायचा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एस३ नावाची जुनी झोप ठेवलेलीच नाही. जे फर्मवेअरमध्येच नाही ते कर्नलला सांगून येणार कुठून? आधी सिस (कर्नलची माहिती दाखवणारं फोल्डर), त्यात पॉवर, त्यात मेम_स्लीप ही फाईल वाचा. तिथे 'डीप' शब्द दिसला तरच वरच्या ओळीला अर्थ आहे. फक्त 'एस२आयडल' दिसलं, तर मशीन आधुनिक झोपेवरच चालतं, म्हणजे प्रोसेसर आपण होऊन एस०आयएक्स या सर्वात खोल अवस्थेत उतरायला हवा. एक जरी भाग जागा राहिला तरी तो उतरत नाही. स्क्रीन काळी, पंखा बंद, आत मात्र प्रोसेसर अर्धवट जागा.

तुमच्या आकड्यांवरून हेच दिसतं. २६ टक्के म्हणजे ५७ पैकी जवळपास १४.८ वॅट-अवर, साडेतीन तासांत. सरासरी ४ वॅटच्या वर. खोल झोप लागली तर हा आकडा अर्ध्या वॅटच्या आत राहतो. बंद बॅगेत ४ वॅट सतत, त्यात आपल्याकडचा मे महिना, मग गरम होणारच.

तपासायचं असं. चार्जर काढा, सगळे डोंगल आणि पेनड्राइव्ह काढा, टर्मिनलमध्ये सिस्टिमसीटीएल सस्पेंड ही आज्ञा देऊन २० मिनिटं थांबा. उठवल्यावर सिस, त्यात पॉवर, त्यात सस्पेंड_स्टॅट्स मधली लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप ही फाईल वाचा. आकडा मायक्रोसेकंदात असतो. २० मिनिटांसाठी तो १ अब्ज २० कोटींच्या जवळपास यायला हवा. शून्य आला तर खोल झोप लागलीच नाही.

शून्य आला तर पहिला संशय एसएसडीवर. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज कुठल्या मोडवर आहे ते बघा. कारखान्यातून बऱ्याचदा रेड किंवा व्हीएमडी (अनेक डिस्क एकत्र सांभाळायचे मोड) चालू असतं. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपला त्याचा काही उपयोग नाही, पण जुन्या कर्नलवर त्याच्या आड बसलेली एसएसडी वीज वाचवण्याच्या अवस्थेत जात नाही आणि सगळा प्रोसेसर अडवून ठेवते. ते एएचसीआय (साधा मोड) करायचं. थेट बदलू नका मात्र, विंडोज निळ्या पडद्यावर पडेल. क्रम असा ठेवा:

१. विंडोजमध्ये बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की काढून कागदावर लिहा. विंडोज ११ वर डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू झालेलं असू शकतं, त्यामुळे 'मी लावलंच नव्हतं' असं धरून चालू नका.
२. खात्याचा पूर्ण पासवर्ड पाठ हवा. सेफ मोडमध्ये पिन बऱ्याचदा चालत नाही.
३. एमएसकॉन्फिग उघडा, बूटमध्ये सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट.
४. विंडोज सुरू होण्याआधी बायोसमध्ये शिरा, एएचसीआय करा, सेव्ह.
५. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि नवा ड्रायव्हर आपला आपण घेईल. एमएसकॉन्फिगमधली खूण काढा, पुन्हा रीस्टार्ट.

उबुंटूला याने धक्का लागत नाही, ते डिस्क यूयूआयडीवरून (पार्टिशनच्या ओळख-क्रमांकावरून) शोधतं. एवढं करून आकडे इथे टाका.

गोदाकाठ:
मेम_स्लीपमध्ये फक्त एस२आयडल होतं. आकडा शून्य. बायोसमध्ये रेड चालू होतं. बदल केला, विंडोजने बिटलॉकरची की मागितली, बरं झालं आधी लिहून ठेवली होती. आता २० मिनिटांच्या झोपेला १ अब्ज १८ कोटी येतंय. रात्री आठ तासांत ५ टक्के उतरली. मनापासून आभार! माउसचं डोंगल लावून ठेवलं की मात्र आकडा परत घसरतो.

टर्मिनलवाला:
५ टक्के म्हणजे सरासरी साधारण ०.३६ वॅट, उत्तम. डोंगल बॅगेत ठेवताना काढायचंच. माउस जरा हलला तरी मशीन उठतं. काढायचं नसेल, तर सिसमध्ये त्या यूएसबी उपकरणाच्या पॉवर फोल्डरात वेकअप ही फाईल असते, तीत 'डिसेबल्ड' लिहा. रीस्टार्टनंतर ते पुसलं जातं, म्हणून युडेव्हचा (उपकरण जोडलं की आपोआप लागू होणारा) नियम करून ठेवा.

दोन-दोन दिवस मशीन न उघडणाऱ्यांसाठी एक जोड. आधी झोप आणि अर्ध्या तासाने हायबरनेट (काम डिस्कवर लिहून पूर्ण बंद), असं लावता येतं. लॉगिनडीच्या सेटिंगमध्ये हँडललिडस्विच = सस्पेंड-देन-हायबरनेट, आणि स्लीप.कॉन्फमध्ये हायबरनेटडिलेसेक = ३०मिन. उबुंटूची मूळ स्वॅप फाईल (रॅममधला डेटा डिस्कवर ठेवायची जागा) याला पुरत नाही. १६ जीबी रॅमला १८ ते २० जीबीची करा. कर्नलच्या ओळीत 'रिझ्युम'ला ती फाईल ज्या पार्टिशनवर आहे त्याची यूयूआयडी द्या, आणि 'रिझ्युम_ऑफसेट'ला फाइलफ्रॅग -व्ही या आज्ञेत दिसणारा पहिला फिजिकल ऑफसेट. स्वॅप फाईल पुन्हा बनवली की हा आकडा बदलतो आणि हायबरनेट केलेलं सगळं काम न उघडता मशीन नव्याने सुरू होतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टिम सुरू करू देणारं बायोसमधलं सेटिंग) चालू असेल तर कर्नल हायबरनेट करूच देत नाही, तेव्हा दोन्हीपैकी एक निवडावं लागेल.

इंदिरानगर_कर्नल:
कॅमेऱ्याचं मी सांगतो. एलएसयूएसबीमध्ये तो नाही कारण तो यूएसबी कॅमेराच नाही. पातळ झाकणात बसावा म्हणून उघडा सेन्सर एमआयपीआय वायरीने प्रोसेसरमधल्या आयपीयू६ या चित्र हाताळणाऱ्या भागाला जोडलेला असतो. यूएसबी कॅमेरा स्वतः रंग आणि उजेड ठरवून तयार चित्र पाठवतो. इथे कच्चा डेटा येतो, बाकी सगळं सॉफ्टवेअरने करायचं. हे मला खरंच खटकतं. जास्त पैसे मोजणाऱ्याला कमी चालणारा कॅमेरा!

आयपीयू६चा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये ६.१० पासून आला. तुमचा ६.८. चित्र तयार करणारा भाग लिबकॅमेरा या लायब्ररीमध्ये ०.३ आवृत्तीपासून आहे, आणि उबुंटू २४.०४ मध्ये त्याहून जुनी आवृत्ती येते. म्हणून नुसता कर्नल वर नेऊन भागत नाही. सरळ मार्ग म्हणजे फेडोरा (दुसरं लिनक्स) ४१ किंवा पुढची आवृत्ती पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, कॅमेरा ॲप उघडा. चित्र आलं तर तुमचा सेन्सर ओळखला जातो. ते थोडं मंद आणि दाणेदार असेल, कारण त्या सेन्सरसाठी रंगांची जुळणी केलेली नसते. ऑनलाइन मीटिंगला पुरतं. ज्याची रोजची मीटिंग आहे त्याने साधा यूएसबी वेबकॅम घ्यावा, वाद संपला.

स्पीकर: डीमेसेगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) सीएस३५एल४१ किंवा टीएएस२७८१ शोधा. हे स्मार्ट ॲम्प्लिफायर आहेत आणि त्यांना चालू होताना फर्मवेअर फाईल लागते. 'फर्मवेअर लोड झालं नाही' अशी ओळ असेल तर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज नवीन करा. फाईल असूनही ॲम्प उठत नसेल, तर लॅपटॉपच्या एसीपीआयमध्ये (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फर्मवेअरमधल्या तक्त्यांत) त्याची माहितीच अर्धवट भरलेली असते. मग त्या मॉडेलची दुरुस्ती कर्नलमध्ये येईपर्यंत थांबणं आलं, नवा कर्नल टाकून बघत राहा. तोवर आवाज १०० टक्क्यांच्या वर ओढू नका. स्पीकरला जपायचं काम तेच फर्मवेअर करतं.

ठशाचा सेन्सर: एलएसयूएसबीमधला आयडी लिबएफप्रिंटच्या (लिनक्सवर ठशाचे सेन्सर चालवणाऱ्या लायब्ररीच्या) यादीत आहे का पाहा. नसेल तर विसरा.

कॉलेजरोड_पेंग्विन:
भावासाठी. सीलबंद खोका दुकानदार फोडू देणार नाही, म्हणून डेमो मशीन मागा, पण मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवून. एकाच नावाखाली एका प्रकारात यूएसबी कॅमेरा आणि दुसऱ्यात एमआयपीआय असतो, वाय-फाय कार्डही वेगळं निघू शकतं.

फेडोराची नवी आयएसओ थेट पेनड्राइव्हवर लिहून न्या. सिक्युअर बूटला हात लावू नका, फेडोरा त्यासकट सुरू होतो. ते बंद केलंत तर दुकानातलं विंडोज बिटलॉकरची की मागत बसेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मशीन दाखवता येणार नाही. आत गेल्यावर आधी कॅमेरा आणि स्पीकर, मग वाय-फायवरून एखादी मोठी फाईल, मग चार्जर काढून दहा मिनिटं झोप आणि तीच लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप. शून्य आलं तर नकार देण्याआधी बायोसमधला स्टोरेज मोड नुसता वाचा, बदलू नका. २८८० बाय १८०० चा पडदा असेल तर १५० टक्के स्केलवर रोजची ॲप्स उघडून बघा, काही जुनी ॲप्स धूसर दिसतात.

रॅम सोल्डर केलेली असल्याने १६ की ३२ हा निर्णय दुकानातच होतो. एसएसडीचा स्लॉट २२८० आहे की २२४२ की २२३० (ही एसएसडीची मापं), हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, ते आधी उतरवून घ्या.

आणि गोदाकाठ, सर्व्हिस सेंटरला जाताना लिनक्सचा विषयच काढू नका. मशीन चालू करताना बायोसमधूनच चालणारी हार्डवेअर चाचणी असते. तिचा संबंध कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमशी नाही. तिने एरर कोड दिला तर त्याचा फोटो तक्रारीला जोडा. विंडोजची पार्टिशन १०० जीबीच्या आसपास राहू द्या. फर्मवेअर अपडेट एफडब्ल्यूयूपीडीएमजीआरमध्ये (लिनक्सच्या फर्मवेअर अपडेट साधनात) येत नसतील तर विंडोजमधून घेता येतील, आणि बऱ्याच बायोसना फॅट३२ पेनड्राइव्हवरची फाईलही चालते.