प्रतिसाद: पेखश्टाईन आणि ३००० मीटर

जर्मनीची स्पीड स्केटर क्लाउडिया पेखश्टाईन २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला शेवटची आली म्हणजे उगाच एक जागा अडवली, हे वर म्हटलंय ते काही पटलं नाही. शेवटची आली हे खरं, ३००० मीटरला २० पैकी विसावी, पण त्याच महिन्यात पन्नाशीची होणार होती बाई, आणि आठवं ऑलिंपिक! शिवाय एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाहीये. त्या दिवशी, ५ फेब्रुवारी २०२२ ला, नेदरलँड्सच्या इरेन स्खाउटेनने ३:५६.९३ मारून जो ऑलिंपिक रेकॉर्ड मोडला ना, तो पेखश्टाईनचाच होता, २००२ चा, ३:५७.७०. म्हणजे वीस वर्षं टिकला आणि मोडला त्या दिवशी ती स्वतः त्याच स्पर्धेत उतरली होती.

आता २००२ ची रेस सॉल्ट लेक सिटीला झाली, उंचीवर, तिथे हवा विरळ म्हणून अडथळा कमी आणि टायमिंग आपोआप चांगलं येतं, त्यामुळे रेकॉर्ड इतका टिकला यात उंचीचाही हात आहेच. पण मग बीजिंग जवळपास समुद्रसपाटीला, तिथे साडेसात लॅप्समध्ये तो मोडणं म्हणजे स्खाउटेनचं जास्तच कौतुक. दुसरी आलेली लोलोब्रिजिदा ३:५८.०६, तिलाही जमलं नाही.