मदत हवी आहे: घरचा कोंबुचा आता पूर्णवेळ धंदा करावा का?

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याचा. ३ वर्षं घरी कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय) करतोय, एका वेळी ४० लिटरचा घाणा. दुसऱ्यांदा आंबवताना रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) रस घालतो (आगळ नाही, त्यात मीठ असतं). ओळखीतल्या होमस्टेवाल्यांची मागणी आहे, म्हणून नोकरी सोडायचं मनात आहे.

अडचण अल्कोहोलची. ०.५ टक्क्याच्या वर गेलं की कायद्याने ते मद्य, आणि मला दारूच्या परवान्यात शिरायचं नाही. प्रयोगशाळेत ०.४ आलं, पण त्याच घाण्यातली बाटली मे महिन्यात आठवडाभर बाहेर राहिली तर झाकण उघडताच अर्धी फसफसून सांडली. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजून अल्कोहोलचा अंदाज देणारं साधन) भरवसा नाही, साखरेचं नुसतं अल्कोहोल नाही, आम्लही होतं ना. पाश्चराइझ करून (तापवून जंतू मारून) पाहिलं, चव मेली. ते मला नकोच. फ्रिजमध्ये ठीक राहतो, पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन् तास जाते.

भांडवल ५ लाख, जागा घरचीच. एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) नोंदणीची माहिती घेतली आहे, ती इथे सांगायला नको.

गाळून यीस्ट (साखर आंबवणारे सूक्ष्मजीव) कमी केल्याने बाटलीतलं आंबणं खरंच थांबतं का? आणि कोकणात थंड साखळी (बनवण्यापासून गिऱ्हाइकापर्यंत माल थंडच ठेवणं) सांभाळून असा माल कुणी विकला असेल, तर नोकरी सोडण्याआधी किती महिने विक्री पाहिलीत?